उपनिषदे आणि दर्शने आजच्या विज्ञानाच्या आधारे वाचताना कसोटी कोणती लावावी?

प्रश्न : जिज्ञासू

नमस्कार. आम्ही काही जण मिळून छांदोग्य उपनिषदाचा सहावा अध्याय शांकरभाष्यासह वाचत आहोत. उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, वडाचे फळ आणायला सांगतो, ते फोडायला लावतो, मग आतले बारीक बीही फोडायला लावतो आणि काय दिसते ते विचारतो. 'काहीच दिसत नाही' असे मुलाने म्हटल्यावर, जे दिसत नाही त्या सूक्ष्मातूनच हा एवढा मोठा वृक्ष उभा राहिला आहे, असे तो सांगतो. हा भाग वाचताना जीवशास्त्र शिकलेल्या एका सदस्याने येथे डीएनएचाच निर्देश आहे असे मत मांडले आणि तेथून चर्चा वाढत गेली. कोणाला सांख्यांच्या परिणामवादात, म्हणजे मूळ प्रकृतीच क्रमाने जगाच्या रूपात बदलते या मतात, उत्क्रांती दिसली, कोणाला वैशेषिक दर्शनाचे प्रवर्तक कणाद यांच्या परमाणूत आजचा अणू दिसला, आणि वेदान्तातील साक्षी, म्हणजे केवळ पाहणारे चैतन्य, हाच क्वांटम भौतिकीतील निरीक्षक, हे तर बहुतेकांनी गृहीतच धरले होते.

मला हे सारे सरसकट स्वीकारता येत नाही आणि झटकूनही टाकता येत नाही. श्रोडिंगर यांच्यासारखा भौतिकशास्त्रज्ञ उपनिषदांकडे आदराने पाहतो आणि १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या जीवनविषयक पुस्तकाच्या उपसंहारात आत्मा आणि ब्रह्म यांच्या ऐक्याचा उल्लेख करतो, तेव्हा या दोन विचारविश्वांचा काहीच संबंध नाही असे म्हणणे मला धाडसाचे वाटते. मात्र प्रत्येक नव्या शोधाला एक जुने वचन जोडून दिले की आपल्याला त्या वचनाविषयी नवे काय कळते, हेही मला सांगता येत नाही. अशी तुलना करताना ती ओढूनताणून केलेली आहे की खरोखर काही उजेड पाडणारी आहे, हे ओळखण्याची एखादी शिस्त जाणकारांनी सांगावी, ही विनंती.

प्रतिसाद : भाष्यपाठक

आपण वडाच्या बीजाचा प्रसंग पुढे ठेवला हे फार चांगले झाले, कारण आपल्याला हवी असलेली कसोटी त्या प्रसंगातच आहे. हा दृष्टान्त सहाव्या अध्यायाच्या बाराव्या खंडात येतो आणि त्याच्या शेवटी, या अध्यायात एकूण नऊ वेळा येणारे वाक्य येते : हे सर्व ज्याचे आत्मरूप आहे ते सूक्ष्म तत्त्व, तेच सत्य, तोच आत्मा, आणि श्वेतकेतू, ते तू आहेस. आता 'सूक्ष्म तत्त्व' म्हणजे डीएनए असे मानून हे वाक्य पुन्हा वाचून पाहावे. उद्दालकाचा सारा उपदेश 'तू एक रेणू आहेस' एवढ्यावर येऊन थांबतो, आणि आत्म्याविषयी जे सांगण्यासाठी त्याने मुलाला समोर बसवले तेच हातातून निसटते. लगेच पुढच्या, तेराव्या खंडात तोच मुद्दा पाण्यात विरघळलेल्या मिठाच्या दृष्टान्ताने मांडला आहे. रात्री पाण्यात टाकलेले मीठ सकाळी हाताला लागत नाही, पण वरून, मधून, तळातून कोठूनही चाखले तरी पाणी खारटच लागते. मिठात डीएनए नसतो. जो अर्थ बीजाला लागू पडतो पण मिठाला पडत नाही, तो त्या प्रकरणाचा अर्थ नव्हे.

हे निकष आपल्याला बाहेरून आणावे लागत नाहीत. ग्रंथाचे तात्पर्य ठरवण्यासाठी उपक्रम आणि उपसंहार यांची एकवाक्यता, अभ्यास म्हणजे पुनरुक्ती, अपूर्वता, फल, अर्थवाद म्हणजे स्तुती, आणि उपपत्ती म्हणजे युक्ती, अशी सहा लिंगे म्हणजे खुणा परंपरेनेच सांगितली आहेत, आणि अभ्यासाचे उदाहरण म्हणून याच नऊ वेळा आलेल्या वाक्याकडे बोट दाखवले जाते. त्यांतील अपूर्वता आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण श्रुतीचे प्रामाण्य इतर प्रमाणांनी, म्हणजे ज्ञानाच्या इतर साधनांनी, जे कळू शकत नाही त्याच विषयापुरते आहे, असा तिचा आशय आहे. शंकराचार्य गीतेच्या अठराव्या अध्यायावरील भाष्यात स्पष्टपणे म्हणतात की अग्नी थंड आहे किंवा तो प्रकाश देत नाही असे शंभर श्रुतींनी सांगितले तरी ते प्रमाण ठरत नाही. डीएनए हा प्रत्यक्ष आणि अनुमान यांनी कळणारा विषय आहे. तो श्रुतीत शोधणारा माणूस श्रुतीचा गौरव करतो आहे असे त्याला वाटते, पण परंपरेच्या हिशेबाने तो तिला तिच्या क्षेत्रातून बाहेर ओढत असतो.

तरीही याच अध्यायात जीवशास्त्राला मनापासून बोलवावे अशी एक जागा आहे, आणि ती सहसा कोणी उघडत नाही. सातव्या खंडात उद्दालक मुलाला पंधरा दिवस अन्न न घेता फक्त पाणी पिण्यास सांगतो. त्यानंतर ऋचा, यजू आणि सामे म्हणायला सांगितल्यावर श्वेतकेतू म्हणतो की मला काहीच सुचत नाही. मग पिता त्याला जेवून यायला सांगतो आणि जेवल्यावर त्याला विचारलेले सारे आठवते. काजव्याएवढा उरलेला निखारा मोठे काही जाळू शकत नाही, पण गवत घातले की पुन्हा पेटतो, अशी उपमा देऊन मन अन्नमय आहे हा निष्कर्ष काढला आहे. एक कारण काढून घ्यायचे, परिणाम पाहायचा, ते परत द्यायचे आणि पुन्हा पाहायचे, अशी ही अन्वय-व्यतिरेकाची पद्धत आहे.

शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के असलेला मेंदू विश्रांतीच्या अवस्थेत शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के ऊर्जा वापरतो, हे आज आपल्याला ठाऊक आहे. त्यामुळे या प्रसंगाची दिशा आपल्याला परकी वाटत नाही. परंतु दीर्घ उपवासात यकृत चरबीपासून कीटोन द्रव्ये तयार करून मेंदूला पुरवते, म्हणून पंधरा दिवसांत सारे पाठांतर हरपावे असे आजचे शरीरशास्त्र म्हणणार नाही. शिवाय उद्दालकाच्या मते अन्नाचा स्थूल भाग मळ, मधला भाग मांस आणि अतिसूक्ष्म भाग मन होतो. म्हणजे त्याच्यासाठी अन्न हे मनाचे उपादान, म्हणजे ते ज्यापासून घडते ते द्रव्य, आहे, केवळ इंधन नव्हे. मन हे द्रव्य आहे की द्रव्याची क्रिया, हा खरा प्रश्न त्या फरकातून उभा राहतो, आणि मंडळाने त्यावर एक अख्खी बैठक द्यावी असे मला वाटते.

प्रतिसाद : भौतिकीचा विद्यार्थी

साक्षी आणि निरीक्षक यांच्याविषयी लिहितो, कारण सर्वांत जास्त गोंधळ तेथे आहे. क्वांटम भौतिकीत मापन म्हणजे एखाद्या व्यवस्थेची तिच्या परिसराशी झालेली अशी आंतरक्रिया, की जिच्यातून त्या व्यवस्थेविषयीची माहिती बाहेर नोंदली जाते. तेथे माणसाची जाणीव असलीच पाहिजे असे नाही. व्हिएन्ना येथील संशोधकांनी २००४ साली सत्तर कार्बन अणूंचे रेणू लेसरने तापवून व्यतिकरणमापीतून, म्हणजे तरंग एकमेकांत मिसळून पट्टे उमटवणाऱ्या उपकरणातून, पाठवले. तापलेला रेणू स्वतःच प्रकाशकण बाहेर टाकू लागतो आणि त्या कणांतून रेणू कोठे होता याची माहिती परिसरात जाते. तापमान वाढवत नेले तसतसे व्यतिकरणाचे पट्टे फिके होत गेले. ते प्रकाशकण कोणी पाहतो की नाही, याने काहीच फरक पडत नव्हता. जाणिवेमुळेच मापन पूर्ण होते, असा विचार विग्नर यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञाने १९६१ मध्ये मांडला होता हे खरे. पण पुढे त्यांनी स्वतःच त्या मतापासून फारकत घेतली.

दुसरी अडचण वेदान्ताच्या बाजूची आहे, आणि मला तीच अधिक गंभीर वाटते. साक्षी अकर्ता आहे. तो पाहतो म्हणून दृश्यात काही बदल घडतो असे मानले, तर तो कर्ता झाला आणि साक्षी उरला नाही. सांख्यांचा पुरुष, म्हणजे प्रकृतीहून वेगळे चैतन्य, हाही असाच उदासीन आहे. म्हणजे निरीक्षकामुळे वास्तव घडते ही कल्पना भौतिकीत खरी ठरली असती, तरीही ती वेदान्ताला आधार देणारी नव्हे तर त्याच्या एका मुख्य सिद्धांताशी भांडणारी ठरली असती.

आता आधार या गोष्टीविषयी. स्वामी विवेकानंदांनी १८९६ साली एका पत्रात लिहिले आहे की वेदान्तातील प्राण आणि आकाश या कल्पना ऐकून निकोला टेस्ला प्रभावित झाले, आणि बल व द्रव्य ही दोन्ही स्थितिज ऊर्जेत आणता येतात हे गणिताने दाखवता येईल असे त्यांना वाटते. तसे झाले तर वेदान्ताचे विश्वशास्त्र अत्यंत भक्कम पायावर उभे राहील, असे विवेकानंद पुढे म्हणतात. ही एका तळमळीच्या अभ्यासकाची आशा होती आणि मी तिचा आदर करतो. त्या काळात आकाशाची सांगड ईथरशी, म्हणजे प्रकाशलहरी वाहून नेणाऱ्या कल्पित सर्वव्यापी माध्यमाशी, घातली जात असे. मात्र मायकेल्सन आणि मॉर्ली यांच्या १८८७ च्या प्रयोगाला ईथरमधून होणाऱ्या पृथ्वीच्या गतीचा मागमूस लागला नव्हता, आणि १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांच्या सिद्धांताला ईथरची गरजच उरली नाही. ईथर गेला म्हणून १९०५ मध्ये वेदान्त खोटा ठरला असे कोणी म्हणाले नाही, आणि ते योग्यच झाले. पण मग ईथर होता तेव्हा त्यामुळे वेदान्ताला बळ मिळाले असेही म्हणता येणार नाही. ज्या पुराव्याच्या जाण्याने काही बिघडत नाही, त्याच्या असण्याने काही सिद्धही झालेले नसते. आज तेच आकाश क्वांटम क्षेत्राशी जोडले जाते. हे क्षेत्रही पुढे बदलले तर काय करायचे, याचे उत्तर जोडणाऱ्याने आधीच द्यायला हवे.

श्रोडिंगर यांच्याविषयी आपण म्हणता ते बरोबर आहे, पण घटनाक्रम पाहावा. १९२५ च्या शरद ऋतूतील एका निबंधात त्यांनी वेदान्ताविषयी आस्थेने लिहिले आणि १९२६ च्या आरंभी त्यांचे तरंगसमीकरण आले. दोन्ही जवळजवळची असली तरी समीकरणाकडे जाणारी वाट डी ब्रॉय यांची १९२४ ची द्रव्यतरंगांची कल्पना आणि हॅमिल्टन यांनी दाखवलेले प्रकाशकी व यांत्रिकी यांचे नाते यांवरून गेली. वेदान्ताकडे ते वळले ते वेगळ्या प्रश्नासाठी : शरीरे अनेक असताना जाणीव मात्र नेहमी एकवचनीच का अनुभवाला येते? त्या प्रश्नाचे उत्तर त्यांना भौतिकीत सापडत नव्हते, आणि म्हणूनच त्यांनी तो भाग उपसंहारात, आपले वैयक्तिक मत म्हणून, वेगळा ठेवला.

जिज्ञासू :

दोघांचेही आभार. साक्षीविषयीचा मुद्दा मला अगदी नवा आहे आणि तो मंडळात मांडणार आहे. मात्र कणादांच्या परमाणूविषयी माझे मन अजून मानत नाही. तेथे तर द्रव्याचे अविभाज्य कण, त्यांचे संयोग आणि त्यांतून बनणारे स्थूल पदार्थ, असा उघड भौतिक विषय आहे. श्रुतीच्या क्षेत्राची अडचण तेथे येत नाही. शिवाय ब्रह्मदेवाचा दिवस ४३२ कोटी वर्षांचा आणि पृथ्वीचे वय ४५४ कोटी वर्षे, या जवळिकीचे काय?

प्रतिसाद : भाष्यपाठक

वैशेषिकांविषयी आपले म्हणणे मान्य आहे. ते तर्काचे शास्त्र आहे आणि तर्कानेच तपासावे. त्यांचा युक्तिवाद असा : विभाजन कोठेच थांबत नसेल, तर मेरू पर्वत आणि मोहरीचा दाणा या दोघांचेही अवयव अनंतच ठरतील आणि दोघांच्या आकारातील फरकाला कारण उरणार नाही. म्हणून निरवयव परमाणू मानावा लागतो. दोन परमाणूंचे द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक, आणि हे त्र्यणुक म्हणजे झरोक्यातून येणाऱ्या उन्हात तरंगताना दिसणारा कण. येथे एक विलक्षण सूक्ष्म विचार आहे. परमाणूचे परिमाण कितीही एकत्र केले तरी त्यातून मोठेपणा निपजत नाही, म्हणून द्व्यणुकाचे परिमाण परमाणूंच्या परिमाणातून नव्हे तर त्यांच्या संख्येतून उत्पन्न होते, असे ते म्हणतात. यावर शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्राच्या दुसऱ्या अध्यायातील दुसऱ्या पादात आक्षेप घेतला की, ज्याला अवयवच नाहीत असे दोन परमाणू जुळतील तरी कोणत्या बाजूने?

आजचा अणू याच्याशी जुळत नाही. त्याला अवयव आहेत, तो फुटतो, आणि पृथ्वीच्या परमाणूला गंध, जलाच्या परमाणूला रस असे गुण त्याच्यात नाहीत. सृष्टीच्या आरंभी परमाणूंना पहिली गती देणारे अदृष्ट तर जीवांच्या धर्माधर्माशी बांधलेले आहे, ज्याला भौतिकीत जागाच नाही. पण आकारमान नसलेल्या मूळ घटकांपासून आकारमान कसे येते, हा प्रश्न मात्र आजही जिवंत आहे : इलेक्ट्रॉन बिंदुरूप मानला की अभिजात विद्युतशास्त्रात त्याची स्वतःची ऊर्जा अनंत निघते, आणि त्या अडचणीने भौतिकशास्त्रज्ञांना दीर्घकाळ छळले. उत्तरे निराळी असली तरी प्रश्न खऱ्या अर्थाने सख्खे आहेत, आणि कणादांना वाचण्यासाठी मला तेवढे कारण पुरते.

प्रतिसाद : जीवशास्त्र-वाचक

उत्क्रांतीविषयी थोडक्यात सांगतो. सांख्यांच्या क्रमात प्रकृतीपासून प्रथम महत् म्हणजे बुद्धी, मग अहंकार, मग इंद्रिये आणि तन्मात्रे म्हणजे भूतांची सूक्ष्म रूपे, आणि शेवटी स्थूल भूते येतात. जीवसृष्टीच्या उत्क्रांतीत बुद्धी फार उशिरा येते. क्रम उलटा आहे, आणि सांख्यांचे परिणाम पुरुषाच्या भोगासाठी व मोक्षासाठी घडतात, तर नैसर्गिक निवडीला पुढचे कोणतेही प्रयोजन नसते. दशावतारांत मत्स्यापासून माणसापर्यंतची उत्क्रांती पाहण्याचेही तसेच. शतपथ ब्राह्मणात मत्स्याची कथा येते तेव्हा त्या माशाला हातात घेणारा मनू, म्हणजे माणूस, आधीपासूनच हजर आहे.

याउलट महाभारताच्या शांतिपर्वातील भृगु-भरद्वाज संवाद अवश्य वाचावा. वृक्षांना इंद्रिये नाहीत असे भरद्वाज म्हणतात, तेव्हा भृगू निरीक्षणे मांडतात : उन्हाने पान कोमेजते म्हणून स्पर्श आहे, गडगडाटाने फुले-फळे गळतात म्हणून श्रवण आहे, वेल आधाराकडे वळून त्याला वेढते म्हणून दर्शन आहे, मुळे पाणी पितात म्हणून रसना आहे. त्यावरून ते वृक्षांत अचैतन्य नाही असा निष्कर्ष काढतात. वेलीच्या त्याच हालचालीवर डार्विन यांनी १८६५ मध्ये सविस्तर निबंध लिहिला. पण त्यांनी तिला दृष्टी मानली नाही, तर वाढणारे टोक गोलगोल फिरत राहते आणि आधाराला लागले की स्पर्शाने वळते, असे दाखवले. निरीक्षण एकच असूनही भृगूंनी त्यातून जीव सिद्ध केला आणि डार्विन यांनी यंत्रणा. प्रतिसाद देण्याची क्षमता आणि अनुभव घेण्याची क्षमता या दोन गोष्टी एकच आहेत का, याविषयी वनस्पतींच्या अभ्यासकांत आजही वाद चालू आहे आणि भृगूंचा तर्क त्या वादात एका बाजूचा प्रामाणिक वकील म्हणून उभा करता येतो.

प्रतिसाद : भौतिकीचा विद्यार्थी

४३२ कोटींचा प्रश्न राहिला. ही संख्या ४३,२०,००० वर्षांच्या महायुगाला १००० ने गुणून येते, आणि ज्योतिषाच्या सिद्धांतग्रंथांत तिचे काम ठरलेले आहे : सर्व ग्रह, त्यांची मंदोच्चे (कक्षेतील सर्वांत दूरचे बिंदू) आणि पात (कक्षांचे छेदनबिंदू) यांच्या फेऱ्या एका कल्पात, म्हणजे ब्रह्मदेवाच्या एका दिवसात, पूर्णांकात बसाव्यात, म्हणजे कोणत्याही दिवसाचे ग्रहस्थान त्रैराशिकाने काढता येते. आर्यभटांनी मात्र कल्पात चौदा मनूंचे कालखंड आणि प्रत्येकाची ७२ युगे अशी १००८ युगे धरली, त्यामुळे त्यांचा कल्प ४३५ कोटी ४५ लाख ६० हजार वर्षांचा होतो; ब्रह्मगुप्तांनी त्यांना स्मृतिग्रंथांपासून ढळल्याबद्दल दोष दिला. दोघांच्याही वादात पृथ्वी किती जुनी आहे हा मुद्दा नव्हता. पृथ्वीचे वय क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ मध्ये उल्कांमधील शिशाच्या समस्थानिकांच्या प्रमाणावरून ४५५ कोटी वर्षे असे काढले, आणि त्या मोजमापाची अनिश्चितता त्यांनी सुमारे ७ कोटी वर्षे सांगितली; ४३२ कोटी हा आकडा त्या मर्यादेच्या बराच बाहेर पडतो. आपल्या मंडळात कोणाला गणिताची आवड असेल, तर आर्यभटांच्या युगातील ग्रहांच्या फेऱ्यांचे आकडे घेऊन आजच्या नाक्षत्र परिभ्रमणकाळांशी ताडून पाहावेत. तेथे तुलना सरळ मोजता येते, आणि ती आर्यभटांचा मान खरोखर वाढवणारी निघते.