मदत हवी आहे: विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत संशोधक मुलींसाठी नेमके कोणते बदल करावेत?

नमस्कार मंडळी,

मी एका राज्य विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवते. आमच्याकडे पीएचडी करणाऱ्यांत निम्म्याहून जास्त मुली आहेत, प्राध्यापकांत मात्र बायका बोटांवर मोजण्याइतक्याच. पुढच्या विभागीय बैठकीत हा विषय आहे आणि मसुदा करायचं काम माझ्याकडे आलंय. ८ मार्चचं व्याख्यान आणि स्वसंरक्षणाची कार्यशाळा दरवर्षी होते. ती व्हावीच, पण मुली ज्या कारणांनी संशोधन अर्धवट सोडतात ती कारणं त्यामुळे जागची हलत नाहीत. म्हणून विचारतेय.

आमच्या एक्सआरडीचंच घ्या, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकांची रचना तपासणारं यंत्र. यंत्र एक आणि वापरणारे गट अनेक. शेजारच्या टेबलावर नोंदवही असते, तिच्यात जो आधी नाव लिहील त्याचा स्लॉट. दिवसभर एमएस्सीची प्रॅक्टिकल्स आणि बाहेरून आलेले सशुल्क नमुने चालतात, त्यामुळे संशोधकांच्या वाट्याला संध्याकाळी सहानंतरची वेळ येते. मुलींच्या वसतिगृहाचं दार साडेनऊला बंद होतं. उशिरा यायचं तर गाइडचं पत्र, रेक्टरची सही आणि गेटवरच्या वहीत कारण लिहायचं. मुलांच्या वसतिगृहाला असली वेळच नाही. नोंदवहीची पानं उलटून बघितली, तर रात्री नऊनंतरच्या रकान्यात मुलीचं नाव शोधून सापडत नाही. आणि पुढे प्रगती अहवालाच्या वेळी त्याच मुलीला सगळ्यांसमोर सुनावलं जातं की तुझा डेटा कमी आहे. त्या मजल्यावरचं बायकांचं स्वच्छतागृहही संध्याकाळी कुलूप लावून बंद होतं. किल्ली शिपाईमामांकडे असते आणि मामा सहाला घरी जातात.

दुसरं, गरोदरपण. आमच्या एका विद्यार्थिनीला दिवस गेले तेव्हा ती रोज डीएमएफ वापरत होती. हे द्रावक गर्भाला घातक ठरू शकतं, बाटलीवरच तशी खूण असते. तिला काय काम द्यायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. 'तू आता ब्रेक घे' एवढंच सांगितलं गेलं. ती परत आली नाही. हुशार मुलगी होती, तिची अर्धी निरीक्षणं अजून माझ्या कपाटात आहेत.

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड. फेलोशिपच्या कागदांवर सही गाइडची, सिनॉप्सिसवर सही गाइडची, शोधनिबंधात नाव कितवं ते ठरवणारा गाइड, पुढे शिफारसपत्र देणाराही तोच. बहुतेक जण सरळमार्गी आहेत, हे मुद्दाम सांगते. पण जिथे तसं नाही तिथली मुलगी कुठे जाणार? रात्री अकराला कामाव्यतिरिक्तचे मेसेज, 'तुझं लग्न झालं की तू सोडणारच' हे येताजाता ऐकवणं, नको तितक्या जवळ उभं राहून थीसिस तपासणं. मुली माझ्या केबिनमध्ये येऊन बोलतात आणि उठताना म्हणतात, 'मॅडम, पण हे कुठे बोलू नका हं.' लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी विद्यापीठाची समिती आहे. तिच्या अध्यक्ष एका विभागाच्या प्रमुखही आहेत. गेल्या काही वर्षांत एकही तक्रार नाही, असं बैठकीत अभिमानाने सांगितलं जातं. मला त्या शून्याचीच काळजी वाटते.

तुमच्या संस्थेत खरोखर काय उपयोगी पडलं? रात्रीच्या कामाचं काय केलंत? आणि गाइडव्यतिरिक्त मुलींना बोलायला दुसरी हक्काची जागा कशी निर्माण केलीत? कृपया अनुभवाचं लिहा.

प्रतिसाद

सांजवेळ

मी एका केंद्रीय संशोधन संस्थेत आहे. आमच्याकडे आधी संशोधक विद्यार्थिनींसाठी वसतिगृहाची वेळच काढून टाकली. पंचविशी ओलांडलेल्या बाईला साडेनऊच्या आत परत ये म्हणणं कोणत्याच अर्थाने योग्य नाही. मग रात्री प्रयोगशाळा ते वसतिगृह गाडी सुरू केली. नोंदवही बंद करून स्लॉट संगणकावर घेतले आणि दिवसाचे-रात्रीचे आळीपाळीने सगळ्या गटांना वाटले. रात्री नऊनंतर प्रयोगशाळेत एकट्याने थांबायचं नाही, किमान दोघं हवीत, हा नियम मुलांनाही लावला. ईथर पेटलं तर ते मुलगा-मुलगी बघत नाही. तुमच्या बैठकीत कुणीतरी 'मुलींना रात्री परवानगीच नको' म्हणणार. त्याला आधीच उत्तर तयार ठेवा.

स्वच्छतागृहाचं कुलूप मात्र उद्याच काढायला लावा, त्याला बैठक कशाला हवी?

तिऱ्हाईत

मी काही महाविद्यालयांच्या समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून जाते. ताई, तुमची समितीच नियमात बसत नाही. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, लैंगिक छळाबाबतच्या २०१५ च्या विनियमांनुसार कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा पदांवरच्या व्यक्ती अंतर्गत समितीवर असू शकत नाहीत, कारण समिती प्रशासनाच्या दबावाबाहेर राहायला हवी. अध्यक्ष ज्येष्ठ प्राध्यापिका असावी, पण अधिकारपदावरची नको. प्रकरणात विद्यार्थी असतील तर पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन या स्तरांवरचे तीन निवडून आलेले विद्यार्थी सदस्य लागतात. शिवाय सदस्यांत निम्म्या तरी बायका आणि बाहेरची एक व्यक्ती. हे कुलसचिवांना लेखी कळवा, तोंडी नको.

मुलींना सहसा कुणी सांगत नाही असं एक कलम याच विनियमांत आहे. चौकशी चालू असताना समिती शिफारस करू शकते की ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने तक्रारदाराच्या कामाचं वा परीक्षेचं मूल्यमापन करू नये. तक्रारदाराला तीन महिन्यांपर्यंत रजाही मिळू शकते. म्हणजे तक्रार केली की पीएचडी बुडाली असं नाही. तुमच्या मुलींची मुख्य भीती तीच आहे, तेव्हा हे कलम मराठीत लिहून दर्शनी भागात लावा. तक्रारीची मुदत तीन महिने, सबळ कारण असेल तर आणखी तीन. आणि 'समजुतीने मिटवून टाका' असं कुणी म्हटलं तर लक्षात ठेवा, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात समेट फक्त त्या बाईने स्वतः मागितला तरच होतो, तोही पैसे देऊन नाही.

रानजाई

वनस्पतिशास्त्रवाली आहे, म्हणून फील्डवर्कचं लिहिते. आंबोली, कोयना, कास, सगळीकडे हिंडलेय. गाइड आणि एकटी विद्यार्थिनी असा दौरा आमच्या विभागाने बंद केला, निदान तिसरं माणूस हवंच. मुक्कामाच्या खोल्यांची नावं दौऱ्याआधी लेखी द्यायची. विभागातल्या एका व्यक्तीला रोज संध्याकाळी ठावठिकाणा कळवायचा, रेंज नसेल तिथे आधीच्या गावातून. पाळीच्या दिवसांत पठारावर आठ तास आडोसा नसतो, हेही आम्ही दौऱ्याचं वेळापत्रक करताना धरतो. पहिल्यांदा हे मांडलं तेव्हा खोलीत शांतता पसरली होती, आता मुलंच आठवण करतात.

हिशोबनीस

विषय महत्त्वाचा आहे. पण मीही गाइड आहे, म्हणून मनातली शंका विचारतो. इतके नियम झाले तर काही जण मुलींना विद्यार्थी म्हणून घ्यायलाच कचरतील, असं नाही का होणार? आणि खोटी तक्रार झाली तर?

तिऱ्हाईत

@हिशोबनीस, शंका रास्त आहे. समितीवर चौकशीची रीत पाळायचं बंधन असतं आणि ते न्यायालयंही तपासतात. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये कारवाई रद्द केली, कारण समितीने घाईघाईत चौकशी उरकून प्राध्यापकाला बाजू मांडायची पुरेशी संधी दिली नव्हती. चौकशी पुन्हा नीट करा असं सांगितलं. त्याच निकालात विद्यापीठांसह सगळीकडे समित्या खरंच नेमल्या आहेत का ते तपासायचे आदेशही दिले. समिती प्रशिक्षित असेल तर तिचा फायदा दोघांनाही होतो. आणि केवळ मुलगी म्हणून विद्यार्थी नाकारणं हा उघड भेदभाव आहे. कुणी तसं करत असेल तर विभागाने त्याला जाब विचारायला हवा.

पाऊलखुणा

मी पीएचडीच्या मधे आई झाले, म्हणून त्याबद्दल. यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी विनियमांत स्त्री संशोधकांना पूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत प्रसूती वा बालसंगोपन रजा आहे आणि पीएचडी पूर्ण करायच्या कमाल मुदतीत दोन वर्षांची सवलतही. लग्नामुळे किंवा अन्य कारणाने गाव बदललं तर संशोधनाचा डेटा नव्या संस्थेत नेता येतो. माझ्या विभागात हे कुणालाच माहीत नव्हतं, मीच छापून नेलं. गरोदरपणात मला वर्षभर गणनाचं आणि लेखनाचं काम दिलं, संश्लेषण, म्हणजे रसायनं बनवायचं काम, एका ज्युनिअरने केलं आणि निबंधात त्याचं नाव आलं. त्यात कुणाचंच नुकसान झालं नाही. तुमच्या त्या विद्यार्थिनीला फोन करा. मुदत उरली असेल तर ती अजून परत येऊ शकेल.

आणि नोंदवहीचे फोटो काढून ठेवा. डीएसटीने, म्हणजे केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने, २०२० मध्ये संस्थांमधल्या स्त्री-पुरुष समानतेसाठी 'गति' उपक्रम सुरू केला, ब्रिटनच्या अथेना स्वान या तशाच उपक्रमाच्या धर्तीवर. त्यात संस्थेने आधी स्वतःचीच आकडेवारी तपासायची असते. तुमची ती वही म्हणजे तशी आकडेवारीच आहे.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. कुलूप निघालं, किल्ली आता सुरक्षारक्षकाकडे. समितीच्या रचनेबद्दल कुलसचिवांना पत्र दिलंय, पोच घेतली. स्लॉट संगणकावर आणायला विभागप्रमुख तयार आहेत, वसतिगृहाच्या वेळेवर मात्र वाद होणार.

दुसऱ्या हक्काच्या जागेसाठी एक सुचलंय. संशोधन सल्लागार समितीपुढे दर सत्रात विद्यार्थ्याला सादरीकरण करावंच लागतं, पण तिचा निमंत्रक गाइडच असतो. प्रत्येक सादरीकरणानंतर गाइडने दहा मिनिटं बाहेर थांबायचं आणि उरलेल्या सदस्यांनी विद्यार्थ्याशी बोलायचं, असा ठराव मांडणार आहे. सगळ्यांसाठी सरसकट, म्हणजे कुणी एकटी नजरेत येणार नाही. कुणाकडे अशी पद्धत आधीपासून चालू असेल तर ठरावाचा मजकूर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. रानजाई, तुमच्या फील्डवर्कच्या नियमांची प्रतही हवी आहे. आमचे भू-रसायनवाले पावसाळा संपला की निघतील.

त्या विद्यार्थिनीला फोन केला. तिची मुदत शिल्लक आहे. सोमवारी बाळाला घेऊन येतेय.