२१३ दिवसांची स्ट्रीक मोडली, तर मैत्रीही मोडते का?

कृष्णाकाठची
विषय छोटा आहे, पण डोक्यातून जात नाहीये. माझी दहावीपर्यंतची जिवलग मैत्रीण अकरावीला पुण्याला गेली. जायच्या आदल्या संध्याकाळी प्रीतिसंगमावर भेळ खाताना ठरलं, स्ट्रीक तोडायची नाही. (मोठ्यांसाठी: ॲपवर दोघींनी २४ तासांत एकमेकींना एक तरी फोटो पाठवायचा. एक दिवस चुकला की आकडा शून्य.) २१३ दिवस पाळलं. मग जत्रेला आजोळी गेले, पाटण खोऱ्यात. तिथे रेंज हवी तर टेकडी चढावी लागते. पालखी, पाहुणे, भांडी... दोन दिवस फोन पिशवीतच. परत आले तर आकडा गायब आणि तिचा मेसेज, "बरं. कळलं." त्यानंतर नुसती निळी टिक.

मी आठवून पाहिलं, २१३ दिवस आम्ही पाठवलं काय? पंखा. भिंत. अर्धं कपाळ. तिची मेस आठवडाभर बंद होती आणि ती बिस्किटांवर होती, हे मला तिच्या आईकडून मंडईत कळलं! मग ही कसली रोजची मैत्री? माझं मत: बंद करावं हे. आठवड्याला एक फोन बास.

हॉस्टेलवासी
सपशेल असहमत. पंख्याचा फोटो म्हणजे पंखा नसतो गं. आई सांगते, पूर्वी गावी पोचलं की घरी मिस्ड कॉल द्यायचा. एक रिंग, कट. पैसे शून्य, निरोप पूर्ण. "रिंगमध्ये काय बोललास?" असं कुणी विचारायचं नाही.

आणि फोनचं म्हणशील तर आमच्या खोलीत चौघी आहेत. रडू आलं तर चौघींना कळतं. पंखा पाठवायला दोन सेकंद लागतात आणि समोरचीला कळतं की मी आहे. तू ते दोन दिवस दिलं नाहीस, एवढंच तिला दिसलं.

कृष्णाकाठची
रेंज नव्हती!

हॉस्टेलवासी
जायच्या आधी सांगता आलं असतं ना? जत्रेची तारीख काय अचानक ठरते?

आंतरदेशीय
मी मुलीच्या बाजूने. नव्वदच्या दशकात माझी मैत्रीण नागपूरला, मी साताऱ्यात. एसटीडी बूथवर रात्री अकरानंतर पाव दर, म्हणून बाबांना सोबत घेऊन जायचं आणि मीटरचे लाल आकडे बघत बोलायचं. एरवी पत्रं. रुसून लिहिलेल्या पत्राचं उत्तर येईपर्यंत आपण का रुसलो होतो तेच विसरलेलं असायचं. तुम्हाला विसरायला वेळच मिळत नाही.

खवचट
काकू, आणि ज्यांची पत्रं थांबली त्या मैत्रिणी? टिकल्या तेवढ्याच तुम्ही मोजताय. बाकीच्या कुठे आहेत हेही तुम्हाला ठाऊक नसेल.

आंतरदेशीय
दोघींची नावं आठवली. आडनावं बदलली असतील आता. मुद्दा लागला, पण बाजू बदलत नाही.

दोन मुलांचा बाप
आमच्या सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव आहे, कडेगाव तालुक्यात. २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही, मोबाइल बंद. पोरं अभ्यासाला बसतात, माणसं एकमेकांशी बोलतात. गावोगावी हेच करा, स्ट्रीकबिक सगळं विसराल.

खवचट
भोंगा अख्ख्या गावाला वाजतो म्हणून चालतो, काका. एकट्या पोरीने फोन ठेवला तर ती नुसती ग्रुपमधून गळते. ऑस्ट्रेलियात डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्यांना सोशल मीडियाची खाती बंद झाली, तीही सगळ्यांना एकदम. आमच्या वर्गात सहलीची वेळ ग्रुपवर येते. फोन बंद ठेवणारा स्टँडवर एकटाच उभा राहील.

तसा मी स्ट्रीकवालाही नाही. मोडलेली स्ट्रीक काही ठिकाणी पैसे भरून जोडून मिळते म्हणे. रुसवा काढायचाही दर!

दोन मुलांचा बाप
माझ्या धाकट्याने भरलेत. आता कळलं ते पैसे कशाचे होते.

हॉस्टेलवासी
😂 त्याला ओरडू नका, मैत्रीण नाराज झाली असेल.

कृष्णाकाठची, एक विचारू? तिच्या आईकडून कळल्यावर तू तिला विचारलंस का मेसचं?

कृष्णाकाठची
नाही. मला वाटलं तिनं आपणहून सांगायला हवं होतं.

हॉस्टेलवासी
आणि ती तिकडे बसून तेच म्हणत असेल, मी विचारायला हवं होतं.

कृष्णाकाठची (चार दिवसांनी)
फोन केला. पहिली दोन मिनिटं दोघी गप्प, मग तिने एकदम विचारलं, "जत्रेत पाळण्यात बसलीस का?" पुढे तास कसा गेला कळलं नाही. ती जिन्यात बसून बोलत होती, डास मारत. मेसवाल्या काकांचं ऑपरेशन झालं होतं. मला सांगितलं असतं तर मी डबा पाठवून देईन म्हणाले असते आणि आईने खरंच एसटीने पाठवला असता, म्हणून बोलली नाही.

आंतरदेशीय
बघा, फोनच लागला शेवटी!

खवचट
आणि स्ट्रीक?

कृष्णाकाठची
...आज तिसरा दिवस. आकड्याशेजारी आगीचं चिन्ह दिसायला लागलं. पण पंखा नाही, जेवणाचं ताट पाठवायचं ठरलंय. काल तिच्या ताटात पुन्हा बटाटाच होता. कुणीही काही बोलू नका.