बी.एड.ची शुल्कमाफी संस्थास्तरावरील प्रवेशाला मिळते का?

गोदाकाठ, परभणी : माझी धाकटी बहीण इतर मागास प्रवर्गातील असून बी.एड.च्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेरीत तिला छत्रपती संभाजीनगर येथील एक विनाअनुदानित महाविद्यालय मिळाले आहे. दरम्यान, घराजवळच्या एका महाविद्यालयाने संस्थास्तरावर, म्हणजे महाविद्यालय स्वतः भरते त्या जागांमधून, जागा देऊ केली असून ‘शिष्यवृत्तीचे नंतर पाहू’ असे तेथे सांगितले जाते. शेती आणि वडिलांचा पगार मिळून घरचे वार्षिक उत्पन्न २ लाख १० हजार रुपये आहे. शुल्कमाफी दोन्हीकडे मिळेल का? प्रवेश निश्चित करण्यास तीनच दिवस उरले आहेत.

निवृत्त लिपिक : नाही. मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्काची शंभर टक्के माफी देणारा ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या इतर मागास प्रवर्गातील मुलींना लागू आहे आणि त्यात विनाअनुदानित महाविद्यालयेही येतात. मात्र प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. मी शिष्यवृत्तीचे टेबल बरीच वर्षे सांभाळले आहे. ‘नंतर पाहू’ ऐकून संस्थास्तरावर प्रवेश घेतलेल्या मुलींचे पालक पुढे हताश होऊन माझ्यासमोर बसत, तेव्हा करण्यासारखे काहीच उरलेले नसे. आणखी एक गोष्ट अशी, की इतर मागास प्रवर्गाच्या सवलतींसाठी लागणारे नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र ठरवताना पगार व शेतीचे उत्पन्न धरले जात नाही, शुल्कमाफीसाठी मात्र सर्व मार्गांचे उत्पन्न धरतात. म्हणून तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला वेगळा काढावा.

द्वितीय वर्ष, बी.एड. : काकांचे म्हणणे योग्य आहे, तरी एक बाजू राहिली. माफी फक्त शिक्षण व परीक्षा शुल्काची असते. खोलीभाडे, खानावळ आणि छात्रसेवाकाळातील (शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावाच्या काळातील) शाळेपर्यंतचा रोजचा प्रवास हा खर्च दोन्ही वर्षे आपल्यालाच सोसावा लागतो. घरून ये-जा करण्यातली बचत खरोखरच मोठी असते, त्यामुळे दादा, केवळ ‘माफी’ या शब्दावर निर्णय घेऊ नका. वसतिगृहात जागा न मिळाल्यास राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी रक्कम देणाऱ्या, इतर मागास प्रवर्गासाठीच्या ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजनेत तिने अर्ज करावा. ती रक्कम आधार क्रमांकाशी जोडलेल्या खात्यातच जमा होते, म्हणून बँकेत जाऊन ती जोडणी आधी तपासावी.

निवृत्त लिपिक : मान्य. घराजवळच्या महाविद्यालयाकडून दोन्ही वर्षांचे एकूण शुल्क लेखी मागा आणि त्याशेजारी संभाजीनगरचा राहण्याचा खर्च मांडा.

गोदाकाठ, परभणी : आपणा दोघांचे आभार. आज शुल्काचा तपशील लेखी मागितला, तेव्हा ‘आधी अनामत भरा, मग देऊ’ असे उत्तर मिळाले. उद्या पहाटेच्या गाडीने आम्ही संभाजीनगरला निघतो आहोत. उत्पन्नाचा दाखला आजच हाती आला.