शब्दचर्चा : साहाय्यक की सहकारी?

प्रश्न : जन्मजात हृदयदोष असलेल्या बाळांच्या पालकांसाठी मी एक माहितीपुस्तिका मराठीत करते आहे. ‘बीटी शंट’ (ब्लेलॉक आणि टॉसिग या दोन डॉक्टरांच्या नावांवरून) या शस्त्रक्रियेचा इतिहास सांगताना व्हिव्हियन थॉमस यांना मी ‘डॉ. ब्लेलॉक यांचे साहाय्यक’ म्हटले आहे, पण तो शब्द मनाला पटत नाही. ‘सहकारी’ लिहावे का?

उत्तर : ताई, ‘साहाय्यक’ नक्कीच काढा, कारण काम दुसऱ्याचे आणि हातभार आपला, असा त्याचा अर्थ होतो. हाताकडे जाणारी रक्तवाहिनी फुप्फुसाच्या रोहिणीला जोडण्याची ही पद्धत थॉमस यांनी प्रयोगशाळेत कुत्र्यांवर पुन्हा पुन्हा करून बसवली होती. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ती पहिल्यांदा एका बाळावर झाली, तेव्हा ब्लेलॉक यांच्या मागे स्टुलावर उभे राहून टाके कसे घ्यायचे हे तेच सांगत होते. १९४५ च्या शोधलेखावर मात्र ब्लेलॉक आणि टॉसिग ही दोनच नावे आली. थॉमस कृष्णवर्णीय होते, आणि त्याआधी व्हँडरबिल्ट विद्यापीठात हेच प्रयोगशाळेतले काम करत असताना त्यांची नोंद सफाई कामगार म्हणून होती. म्हणूनच ‘सहकारी’लाही माझी हरकत आहे : तो शब्द बरोबरीच्या माणसासाठी वापरतात, आणि ती बरोबरी त्यांना मिळाली नव्हती. पद सांगताना ‘प्रयोगशाळा तंत्रज्ञ’ आणि काम सांगताना ‘ही पद्धत बसवणारे’ असे दोन्ही लिहावे.

दुसरे उत्तर : टॉसिग यांच्याकडेही लक्ष द्यावे. ‘टॉसिग यांनी’ या आदरार्थी रूपात स्त्री की पुरुष हे कळत नाही, आणि वाचक पुरुषच गृहीत धरतो. ‘डॉ. हेलन टॉसिग या बालहृदयरोगतज्ज्ञ’ असे लिहावे. ‘टॉसिगबाई’ नको, कारण मग ‘डॉ.’ ही उपाधी एकट्या ब्लेलॉक यांच्याकडे राहते. फुप्फुसांकडे जाणारे रक्त वाढवावे ही मूळ कल्पना टॉसिग यांची, तरी पूर्ण प्राध्यापकपद त्यांना १९५९ मध्ये मिळाले.

प्रश्नकर्ती : दोघांचेही मनापासून आभार. थॉमस यांना १९७६ मध्ये मिळालेली मानद डॉक्टरेट कायद्याची होती, वैद्यकाची नव्हती, हेही मी स्पष्ट लिहीन. वॉर्डात पालकांच्या कानावर ‘बीटी शंट’ हेच नाव पडते, म्हणून ते एकदा देऊन पुढे सगळीकडे ‘ब्लेलॉक-थॉमस-टॉसिग शंट’ असे पूर्ण नाव ठेवते आहे.