परदेशातली समावेशक पद्धत ४५ मुलांच्या वर्गात कशी उतरवायची?

प्रश्न (वर्गशिक्षिका)
वर्गात ४५ मुलं. त्यांत एक स्वमग्न, एकाला वाचन अक्षमता, एकाला कमी ऐकू येतं. विशेष शिक्षक आठवड्यातून दोनदा, दोन-दोन तास येतात. शाळेला समावेशक पद्धत, म्हणजे अशा मुलांना सगळ्यांबरोबर एकाच वर्गात शिकवणं, आणायची आहे; त्यासाठी इटलीसारखा वर्गातला दुसरा शिक्षक आणि फिनलंडची तीन पातळ्यांची मदत, दोन्ही हवं आहे. काय घ्यावं, काय सोडावं? वैयक्तिक आराखड्याचे (एका मुलाची शिकण्याची उद्दिष्टं लिहिलेला कागद) आणि वाचन चाचणीचे इंग्रजी नमुने भाषांतर करून चालतील का?

उत्तर १ (विशेष शिक्षिका)
इटलीत १९७७ च्या ५१७ क्रमांकाच्या कायद्याने अशा मुलांचे वेगळे वर्ग बंद होऊन वर्गात आधार-शिक्षक आला. तो एका मुलाचा नसतो, अख्ख्या वर्गाचा असतो. नक्कल करताना नेमकं हेच सुटतं. मदतनीस मुलाला खेटून बसतो, उत्तर कानात सांगतो. मग वर्गशिक्षिका त्या मुलाला प्रश्न विचारेनाशी होते, बाकीची मुलंही त्याच्याशी मदतनीसामार्फत बोलू लागतात. मदतीच्या नावाखाली मूल वर्गात राहून एकटं पडतं.

तुमच्या चार तासांतली ४० मिनिटं तुम्ही दोघांनी पुढच्या आठवड्याचे धडे बघायला राखून ठेवा. आधी हेच कापलं जातं, आणि मग विशेष शिक्षक वर्गात नुसते उभे राहतात. उरलेल्या वेळात १५-१५ चे तीन गट करा: एक तुमच्याकडे, एक त्यांच्याकडे, एक स्वतः करण्याच्या कामावर. दहा मिनिटांनी बदल. तिन्ही मुलं वेगवेगळ्या गटांत हवीत. कमी ऐकू येणाऱ्या मुलाचा गट पंख्यापासून आणि दारापासून लांब बसवा. बोलताना खिडकीकडे पाठ करू नका, चेहरा अंधारात जातो आणि त्याला ओठ दिसत नाहीत.

उत्तर २ (शाळा समन्वयक)
फिनलंडची सामान्य, वाढीव आणि विशेष मदत ही तीन पातळ्यांची रचना २०११ पासूनची. ऑगस्ट २०२५ पासून खुद्द तिथेच ती बदलली आहे, त्यामुळे पातळ्यांची नावं आणि तक्ते उतरवत बसू नका. घ्यायचं ते हे, की मदत प्रमाणपत्राची वाट बघत नाही. पोर्तुगालच्या २०१८ च्या ५४ क्रमांकाच्या हुकूमनाम्यातही मदतीसाठी मुलावर अपंगत्वाचा शिक्का लागत नाही.

प्रत्यक्षात असं करा: अडखळणाऱ्या चार-पाच मुलांचा गट, २० मिनिटं, आठवड्यातून तीनदा, सहा आठवडे. दोन वेळा विशेष शिक्षक घेतील, तिसरी तुम्ही. दर शुक्रवारी एक मिनिट वाचन घेऊन बरोबर शब्द मोजा. आकडा हलला नाही तर आधी पद्धत बदला. तेच जास्त वेळ करून काही होत नाही.

उत्तर ३ (वाचन अक्षमतेवर काम)
आराखड्याच्या नमुन्याचे रकाने चालतील, भाषांतर केलेली चाचणी मुळीच नाही. तिचे गुण कशाशी ताडायचे ते तक्ते इंग्रजी वाचणाऱ्या मुलांवरून बांधलेले असतात. भाषांतरात शब्द येतात, तक्ते लागू पडत नाहीत. शिवाय इंग्रजीत स्पेलिंग आणि उच्चार जुळत नाहीत, म्हणून तिथे चुका मोजून अडचण सापडते. देवनागरीत मूल बरेचदा बरोबर वाचतं, पण फार हळू. नुसत्या चुका मोजल्या तर ते सुटून जातं, म्हणून वेग मोजाच.

अडतं कुठे तेही वेगळं. ‘किती’ मधली पहिली वेलांटी क च्या आधी दिसते, उच्चारात नंतर येते. र ची रूपं बघा: सूर्य, चक्र, राष्ट्र, दुसऱ्या. चारही वेगळी शिकवावी लागतात.

आराखड्यात ‘वाचन सुधारेल’ असं लिहू नका. असं लिहा: ‘जोडाक्षरांच्या २० शब्दांपैकी आज ७ बरोबर, सत्राअखेर १५, लागोपाठ तीन तपासण्यांत.’ एका मुलासाठी अशी तीनच उद्दिष्टं ठेवा. दहा-बारा लिहिली की आराखडा फायलीत पडून राहतो.

प्रश्नकर्ती
आभार. गट बदलताना स्वमग्न मूल उठून बाहेर गेलं तर?

उत्तर १ (विशेष शिक्षिका)
ताई, पहिले दोन आठवडे मुलांना फिरवूच नका, तुम्ही दोघांनी साहित्य घेऊन गटांकडे जा. त्याच्या बाकावर तीन कामांची तीन चित्रं चिकटवा, काम झालं की त्याने स्वतः चित्र उलटायचं. बदलाच्या दोन मिनिटं आधी पुढचं चित्र दाखवा. घंटा नको, टाळ्याही नकोत.