पहिल्यांदाच सॉफ्टबॉलचा कॅप्टन, टीम सगळी क्रिकेटवाली: कुठून सुरुवात करू?

फोंडा_शॉर्टस्टॉप
नमस्कार मंडळी. आमची हौशी पुरुषांची टीम आहे, १३ जण, सगळे टेनिस बॉल क्रिकेट खेळलेले. फास्टपिच (खालून हात फिरवून जोरात चेंडू टाकायचा प्रकार), ७ इनिंगची मॅच. सरावाला तीन रविवार आहेत. मैदान फुटबॉलचं, एका बाजूला गडगा (दगडी कुंपण) आणि त्याला लागून माड. नियम वाचलेत, पण कॅप्टनने नेमकं काय बघायचं? कोणाला कुठे उभं करू? आणि पिचरची (चेंडू टाकणाऱ्याची) लाइन एकदा बिघडली की काय करायचं?

तांबडी_माती
क्रिकेटवाल्यांचे हात चांगले असतात, मोडायच्या असतात त्या सवयी. पहिला रविवार सगळा त्यावरच घाला.

चेंडू फेअर (पहिल्या आणि तिसऱ्या बेसच्या रेषांच्या आत) गेला की पळावंच लागतं, "नको, नको" म्हणून थांबायची सोय नाही. बॅट हातात घेऊन धावायचं नाही, जागेवर खाली सोडायची. पहिला बेस ओलांडून सरळ पुढे गेलं तर चालतं, दुसरा-तिसरा ओलांडला की टॅग होऊन (हातातला चेंडू अंगाला लावला जाऊन) आऊट. नॉन-स्ट्रायकर बॉल पडायच्या आधी दोन पावलं पुढे सरकतो ना, तेच इथे केलं तर आऊट: पिचरच्या हातातून चेंडू सुटेपर्यंत रनरचा पाय बेसवर हवा. दोन आऊट व्हायच्या आधी चेंडू हवेत उडाला तर आंधळं धावायचं नाही. झेल झाला आणि रनर परत यायच्या आत चेंडू त्याच्या मूळ बेसवर पोचला, तर एकाच चेंडूवर दोघे जातात. हौशी मॅचमधले निम्मे डबल प्ले असेच फुकट दिलेले असतात.

फिल्डिंगमध्ये सगळ्यात महागात पडणारी सवय म्हणजे चेंडू आला की विकेटकीपरकडे, इथे कॅचरकडे, फेकणे. फोर्स असेल (मागून दुसरा येत असल्याने रनरला पुढच्या बेसला जावंच लागत असेल) तिथे नुसता बेसवर पाय ठेवून चेंडू पकडला तरी आऊट मिळतो. चेंडू हातात आल्यावर विचार करायला वेळ नसतो, म्हणून कॅप्टनने प्रत्येक पिचच्या (पिचरने टाकलेल्या चेंडूच्या) आधी मोठ्याने सांगायचं: "एक आऊट, पहिल्यावर रनर, जमिनीवरून आला तर दुसऱ्या बेसला!" दर पिचला, न कंटाळता. कॅप्टनचं मैदानातलं निम्मं काम हेच.

फोंडा_शॉर्टस्टॉप
हे फारच उपयोगी, धन्यवाद. झेलासाठी दोघे एकमेकांवर धडकतात, त्याला काय करू?

म्हापसेकर_ताई
शब्द ठरवा, भाऊ. "घे" आणि "घेतो" आरडाओरड्यात सारखेच ऐकू येतात, आणि दोघेही थांबतात नाहीतर दोघेही झेपावतात. "माझा, माझा, माझा" असं तीनदा, आणि बाकीच्यांनी त्याचं नाव घ्यायचं. टीममध्ये कोकणी-मराठी दोन्ही चालत असेल तरी हाकेचा शब्द एकच ठेवा. दोघांनी एकदम हाक दिली तर पुढे धावत येणाऱ्या आउटफिल्डरचा (लांबच्या फिल्डरचा) हक्क पहिला, कारण मागे पळणाऱ्या इन्फिल्डरला (बेसजवळच्या फिल्डरला) चेंडू डोक्यावरून बघावा लागतो. आउटफिल्डमध्ये सेंटरचा शब्द शेवटचा.

जागा लावताना सगळ्यात कच्चा माणूस पहिल्या बेसवर ठेवायची चूक हमखास होते. इन्फिल्डमधले बहुतेक आऊट तिथेच होतात, त्यामुळे सगळ्यात खात्रीचे हात तिथे हवेत. डावखुरा असेल तर उत्तमच, त्याचा ग्लोव्ह उजव्या हातात, म्हणजे मैदानाच्या बाजूला येतो. शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागेला) आणि तिसऱ्या बेसला मात्र डावखुरा नको, पहिल्या बेसला फेकताना त्याला अंग पूर्ण फिरवावं लागतं.

बॅटिंगला वर षटकारवाला नको. जो चार बॉल (स्ट्राइक झोनबाहेरचे चेंडू) सोडून वॉक, म्हणजे फुकट पहिला बेस, घेऊ शकतो आणि पळतो, तो पहिला. जोरात मारणारा तिसरा-चौथा, म्हणजे पुढे कोणीतरी बेसवर असतं.

लाइनअपच्या कागदाची एक प्रत स्वतःजवळ ठेवा. क्रम चुकला आणि समोरच्यांनी पुढच्या पिचच्या आत अपील केलं, तर ज्याची पाळी होती तो आऊट. मैदानात नऊ उतरतात, उरलेले चौघे बदली खेळाडू म्हणून त्याच कागदावर लिहा. सुरुवातीचा खेळाडू बाहेर जाऊन एकदा परत येऊ शकतो, पण त्याच बॅटिंग क्रमांकावर.

बांदोडा_बेस३
मैदानाचं बोलतो. बेस पावलांनी मोजू नका. होमपासून (बॅटरजवळच्या प्लेटपासून) दुसऱ्या बेसपर्यंत तिरकं २५.८६ मीटर मोजा. मग ३६.५८ मीटर टेपची दोन टोकं होम आणि दुसऱ्या बेसवर धरून मधोमध, म्हणजे १८.२९ मीटरवर, एका बाजूला ताणा: तो पहिला बेस. तसंच दुसरीकडे ताणलं की तिसरा. पिचरची प्लेट पुरुषांसाठी होमच्या मागच्या टोकापासून १४.०२ मीटर. फक्कीने रेषा मारा. वाळलेल्या जांभ्याच्या बारीक खड्यांवर नुसता ठेवलेला बेस सरकतो आणि घोटा मुरगळतो, त्यामुळे खिळे ठोकल्याशिवाय खेळू नका.

गडगा आणि माड यांचं मॅचपूर्वी अंपायर आणि समोरच्या कॅप्टनसोबत ठरवून घ्या. चेंडू गडग्यापलीकडे गेला की डेड (खेळ तिथेच थांबला), ओव्हरथ्रो असेल तर रनरना दोन बेस. माडाच्या झावळाला लागून पडलेला झेल धरायचा की नाही, तेही आधीच बोला. मधेच वाद काढला तर कोणीच ऐकत नाही.

पिचरचं: चेंडू उंच जात असेल तर तो उशिरा सुटतोय, खाली आपटत असेल तर लवकर. पाऊल थोडं आखूड टाकायला सांगा, चेंडू मांडीजवळून सुटला पाहिजे. आपल्याकडच्या दमट हवेत घामाने पकड सुटते, म्हणून बेंचवर कोरडा पंचा ठेवा. पिचिंगच्या हाताला घामपट्टी नको, अंपायर काढायला लावतो. एका इनिंगमध्ये किती वॉकनंतर बदलायचं तो आकडा पिचरला मॅचआधीच सांगा, समजा तीन. म्हणजे बदलताना त्याला अपमान वाटत नाही. दुसरा पिचर सरावात तेवढाच तयार हवा, आणि कॅचरला जमिनीवर आपटलेला चेंडू गुडघे टेकून छातीने अडवायला शिकवा, मास्क आणि चेस्ट गार्ड घालूनच. पहिला बेस रिकामा असेल किंवा दोन आऊट असतील, तर तिसऱ्या स्ट्राइकला कॅचरकडून चेंडू सुटल्यावर बॅटर पळू शकतो. तुमचे क्रिकेटवाले तेव्हा मान खाली घालून परत निघतील. बेंचवरच्या एकाला "पळ!" ओरडायचं कामच देऊन ठेवा.