एचआयव्हीचं किट मेडिकलवर मिळावं का?

रानवारा: मिळावं. आयसीटीसीत (सरकारी एचआयव्ही समुपदेशन-तपासणी केंद्रात) तपासणी फुकट आहे, पण सरकारी वेळेत. रोजंदारीवाल्याचा खाडा पडतो, आणि तालुक्याच्या गावी त्या दाराशी कुणी पाहिलं की संध्याकाळपर्यंत गावभर. डब्ल्यूएचओने घरच्या घरी तपासणीची शिफारस २०१६ मध्येच केली. लाळेच्या किटची पट्टी वरच्या-खालच्या हिरड्यांवरून एकेकदा फिरवायची, द्रावणात ठेवायची, २० मिनिटांनी रेघा बघायच्या: एक म्हणजे निगेटिव्ह, दोन म्हणजे पॉझिटिव्ह. बस.

टाकळीकर: बघणं सोपं, अर्थ लावणं अवघड. देशात प्रौढांमधलं प्रमाण साधारण ०.२ टक्के, म्हणजे हजारात दोन. निरोगी माणसाला निगेटिव्ह दाखवण्यात किट ९९.५ टक्के अचूक धरलं, तरी पाच निरोगी माणसांना दोन रेघा दिसणार. सातातले पाच उगाच हादरणार! म्हणून तर आयसीटीसीत एका किटवर कुणाला पॉझिटिव्ह ठरवत नाहीत, तीन वेगवेगळी किटं लावतात.

रानवारा: हा हिशोब सरसकट सगळ्यांचा झाला. मेडिकलवर पैसे मोजणारा बहुधा जोखीम घेऊन आलेला असतो. तिथे प्रमाण ५ टक्के धरा: हजारात पन्नास खरे पॉझिटिव्ह, पाच खोटे. शिवाय गावातल्या एएनएम ताई (आरोग्यसेविका) गरोदर बाईच्या बोटातल्या थेंबावर चाचणी करतातच की, पक्कं निदान आयसीटीसीत. तसंच इथे करा, पाकिटावर एचआयव्ही हेल्पलाइनचा नंबर १०९७ ठळक छापा.

निळी_शाई: खोट्या पॉझिटिव्हपेक्षा मला निगेटिव्हची धास्ती आहे. परवा कंडोम फाटला म्हणून आज किट घेणाऱ्याला, संसर्ग झाला असला तरी, एकच रेघ दिसणार आणि तो निर्धास्त होणार. वास्तविक त्याला हवी पीईपी, म्हणजे संसर्ग रोखणाऱ्या गोळ्या: ७२ तासांच्या आत सुरू, २८ दिवस रोज. लाळेची चाचणी प्रसंगानंतर तीन महिन्यांनी करायची असते, हे काउंटरवर कोण सांगणार? एआरटी (एचआयव्हीची औषधं) चालू असलेल्यालाही कधी कधी निगेटिव्ह येतं, मग तो गोळ्या सोडतो. आणि लघवीच्या जागी स्राव असेल तर? किट त्याबद्दल मुकं. सुरक्षा क्लिनिकमध्ये (सरकारी गुप्तरोग दवाखान्यात) त्यावरच्या औषधांचं करडं पाकीट मिळतं, जोडीदारालाही औषध देतात. मेडिकलवर सिप्रो ही अँटिबायोटिक हातात पडते, जी गनोरियावर (असा स्राव होणाऱ्या गुप्तरोगावर) केव्हाच बोथट झाली.

टाकळीकर: +१. आणि नवऱ्याने किट आणून बायकोला बळेच बसवलं तर? २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात संमती सक्तीची आहे खरी, पण ती स्वयंपाकघरात कोण तपासणार?

रानवारा: बळजबरीचा मुद्दा मान्य, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पीईपीसाठी मात्र किट अडवून काय साधणार? उलट विकतानाच विचारा: "प्रसंग कधीचा?" तीन दिवसांच्या आतला असेल तर किट ठेवा बाजूला, जिल्हा रुग्णालयात पाठवा.